मुलांचा ईस्टर



नाताळ जवळ आला म्हणजे तो कोणाला सांगावा लागत नाही. दारावर कागदी तारा लागतो, गव्हाणी मांडली जाते, स्वयंपाकघरात करंज्या आणि कलकल तळले जातात, आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलांनाही आज इथे काहीतरी आहे हे वासावरून कळते. ईस्टरचे तसे नाही. तो येतो ऐन उन्हाळ्यात आणि बहुतेक वेळा वार्षिक परीक्षेच्या मागे-पुढे. त्याची तारीख दरवर्षी बदलते. त्याच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो आणि शुभ शुक्रवारची तीन-तीन तासांची उपासना असते. शनिवारी रात्री मोठी माणसे देवळात पास्काच्या मेणबत्तीचा विधी पाहत असतात, तेव्हा लहान मुले बाकावर आईच्या मांडीवर झोपलेली असतात. रविवारी नवे कपडे, मटणाचे जेवण, पाहुणे, दुपारची झोप, की संपला ईस्टर! मोठ्यांचा सण यथासांग पार पडला, मुलांचा मात्र राहूनच गेला.

मी महाविद्यालयात शिकवतो. वर्गातल्या ख्रिस्ती मुलामुलींना मी एकदा विचारले होते की तुम्हाला लहानपणचा नाताळ काय आठवतो आणि ईस्टर काय आठवतो. नाताळाबद्दल बोलताना ती थांबेनात. ईस्टरबद्दल एकजण म्हणाला, "सर, उकाडा आठवतो." वास्तविक ख्रिस्ती श्रद्धेत या सणाचे स्थान नाताळाहून मोठे आहे. प्रभूचा जन्म दोनच शुभवर्तमानांत सांगितला आहे, पुनरुत्थानाची वार्ता चारांतही आहे. मग घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या वाट्याला त्यातून फक्त उकाडा यावा, हे मला बरे वाटत नाही.

यावर बाजाराने तोडगा काढलेला आहेच. मोठ्या शहरांतल्या दुकानांत मार्च-एप्रिलमध्ये चॉकलेटचे ससे आणि चकाकणाऱ्या कागदातली अंडी मिळतात. सशाशी माझे वैर नाही. तो जर्मनीतला आहे. ईस्टरचा ससा अंडी आणून लपवतो, या समजुतीचा उल्लेख तिकडे १६८२ च्या एका ग्रंथात सापडतो. पण नागपूर-जळगावकडच्या एप्रिलमध्ये चॉकलेटचा ससा घरी पोहोचेपर्यंत ससा राहत नाही, हा एक भाग झाला. दुसरे असे की विकत आणलेल्या सशात मुलाला करायला काही उरत नाही. मूल जे स्वतःच्या हाताने करते, ज्यात चिखल, रंग, पाणी आणि थोडी भांडणे असतात, तेच त्याच्या लक्षात राहते. आणि असे करण्याजोगे या सणाच्या कथेतच इतके आहे की बाहेर धावण्याचे कारण नाही.

अगदी पहिली गोष्ट तारखेची. "बाबा, ईस्टर दरवर्षी हलतो का?" हा प्रश्न दहा-बारा वर्षांचे मूल विचारतेच. त्याला उत्तर देऊ नका. भिंतीवरचे कॅलेंडर काढून हातात द्या. नियम सोपा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा शोधायची, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. चर्चची पौर्णिमा तिच्या स्वतःच्या कोष्टकातली असते, म्हणून एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. परंतु आपल्या कॅलेंडरावरून बहुधा उत्तर बरोबर येते. २०२५ मध्ये हनुमान जयंती १२ एप्रिलला होती आणि ईस्टर २० एप्रिलला. २०२४ मध्ये होळीपौर्णिमेच्या मागोमाग ३१ मार्चलाच ईस्टर येऊन गेला. या नियमाने तो २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. २२ मार्चचा ईस्टर १८१८ मध्ये झाला, तो पुन्हा २२८५ मध्ये येईल. आपल्यापैकी कोणी तो पाहणार नाही. पण २५ एप्रिलचा, १९४३ मध्ये झालेला, पुन्हा २०३८ मध्ये येणार आहे. तेव्हा मी किती वर्षांचा असेन, हे गणित मुले आपणहून करतात आणि मग आजीचे वयही काढतात. आजीला ते फारसे आवडत नाही, तो भाग वेगळा.

आता बागेकडे येऊ. योहानाच्या शुभवर्तमानात एक फार सुंदर प्रसंग आहे. रविवारी पहाटे मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत उभी असते. मागे कोणीतरी येऊन उभे राहते आणि तिला वाटते की हा इथला माळी असावा. कबर बागेत होती, म्हणून माळी! मुलांना ही चूक फार आवडते. तेव्हा घरात एक बाग करायची. एक जुने ताट घ्या, त्यात माती पसरा. एका कडेला नारळाची अर्धी करवंटी पालथी घालून तिच्या तोंडाशी खाच पाडली की ती झाली कबर. नदीकाठचा एक वाटोळा धोंडा तिच्या दाराशी ठेवायला. आणि हिरवळीसाठी अळीव पेरायचे.

अळीवच का, ते सांगतो. पोलंड देशात ईस्टरच्या आठवडाभर आधी घरोघर मुले बशीत ओला कापूस पसरतात आणि त्यावर जे बारीक बी पेरतात ते हेच, आपल्या बाळंतिणीच्या लाडवातले अळीव. सणाच्या दिवशी हिरवीगार गादी तयार होते आणि तिच्यावर साखरेचे किंवा लोण्याचे कोकरू बसवतात. या गोष्टीचा आपल्याशीही धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहत होते. मला राहून राहून वाटते की त्या मुलांच्या सणाची ही सामग्री कोल्हापूरच्या कोणत्याही वाण्याकडे पुडीत बांधून मिळण्यासारखी होती.

अळीव पेरताना एक करा. ते आधी भिजत घालू नका. पाणी लागताच ते बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतात. ओल्या मातीवर किंवा कापसावर कोरडेच पातळ भुरभुरायचे आणि दिवसातून दोन-तीनदा हाताने पाणी शिंपडायचे. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, आठवड्यात बोटभर वाढतात. झावळ्यांच्या रविवारी पेरले की ईस्टरला बाग तयार. ताट उन्हात ठेवू नये, खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवावे. नवरात्रात घटाखाली धान्य पेरून रोज त्याची उंची बघणारी शेजारची मुले या कामात आपल्या मुलांपेक्षा तरबेज असतात, त्यांना अवश्य बोलवा.

गुरुवारी केरळातल्या सीरियन ख्रिस्ती घरांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. त्या रात्री तिथे घरीच बिनखमिराचे अप्पम करतात, नारळाचे दूध आणि गूळ यांचे पेय करतात, आणि प्रार्थना झाल्यावर घरातला वडीलधारा माणूस ते अप्पम मोडून वयाच्या क्रमाने प्रत्येकाच्या हातावर ठेवतो. त्या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला असेल तिथे ते करीत नाहीत. नातलग-शेजारी आणून देतात. आपल्या घरी गुरुवारी आजोबांच्या हातची एक भाकरी सर्वांनी मोडून खाल्ली, तरी शेवटच्या भोजनाची गोष्ट सांगायला वेगळे व्याख्यान लागत नाही.

शुक्रवारी मात्र खेळ नाही. त्या दिवशी करवंटीच्या दाराशी धोंडा लावायचा आणि तो शनिवारभर तसाच ठेवायचा. काही आईबापांना वाटते, लहान मुलांना हे दुःखाचे कशाला सांगायचे, थेट रविवारवर यावे. मला हे पटत नाही. धोंडा लागलेला पाहिल्याशिवाय तो निघाल्याचा आनंद कसा होणार? आणि मुलांना मृत्यू ठाऊक नसतो, हा आपला समज आहे. त्यांच्या देखत घरातून माणसे जातात.

माझे वडील गेले त्या वर्षी ईस्टर तीन महिन्यांनी आला. माझी धाकटी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. शनिवारी संध्याकाळी बागेला पाणी शिंपडता शिंपडता तिने माझ्या आईला विचारले, "आजी, उद्या आजोबांचापण दगड निघेल का गं?"

घरात एकदम शांतता झाली. माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले, मी खिडकीकडे पाहिले. आई निवडत होती ते तांदूळ तिने खाली ठेवले आणि म्हणाली, "नाही बाई. या घरात ते आता यायचे नाहीत. पण देवाने त्यांना टाकून दिलेलं नाही, असा माझा भरवसा आहे."

"मग तू रात्री रडतेस कशाला?"

"माणूस डोळ्यांपुढे नसलं की रडू येतं. भरवसा असला तरी येतं."

मुलीने थोडा वेळ विचार केला आणि पुन्हा पाणी शिंपडू लागली. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. पण या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मी प्रवचनातही ऐकलेले नाही. "हो, येतील हं," असे म्हणणे सोपे होते. मग ती रविवारी दाराकडे बघत बसली असती. "चल, चल, अंडी रंगवायला घे," म्हणणेही सोपे होते. असा प्रश्न तुमच्या घरीही केव्हातरी येईल. तेव्हा घाई करू नका, आणि जे तुम्हाला स्वतःला खरे वाटते त्याहून एक शब्दही जास्त सांगू नका. दुसऱ्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो तेव्हा आपण रंगवलेले सर्वांत चांगले अंडे तिने आजोबांच्या कबरेवर ठेवले. परत निघताना मात्र ती दोनदा मागे वळून म्हणाली, "कावळा खाईल बघा."

आता अंड्यांविषयी. ईस्टरला अंडीच का? पूर्वी उपवासकाळात मांसाप्रमाणे अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना हे कोण सांगणार? त्या अंडी देतच राहत, आणि ईस्टरपर्यंत घरात अंड्यांचा साठा होई. कवच फोडून जीव बाहेर येतो हे रूपक त्याला जोडले गेले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९० मध्ये ४५० अंडी घेऊन ती सोन्याच्या वर्खाने वगैरे सजवून वाटली, अशी त्याच्या हिशेबात नोंद आहे. खर्च १८ पेनी! ग्रीसमध्ये अंडी फक्त लाल रंगवतात. युक्रेनमधल्या बायका मेणाने नक्षी काढून एकेका अंड्यावर तासन् तास बसतात.

आपल्याला सोन्याचा वर्ख नको आणि दुकानातला रंगही नको. कांद्याची साले पुरेत. सहा-सात कांद्यांची कोरडी साले अंडी बुडतील इतक्या पाण्यात अर्धा तास उकळा, गाळून घ्या, दोन चमचे व्हिनेगर घाला. व्हिनेगरचे आम्ल कवचाचा पृष्ठभाग किंचित खातो, त्यामुळे रंग धरतो. या पाण्यात अंडी दहा-बारा मिनिटे उकळून तशीच निवू दिली की सुरेख तांबूस-तपकिरी रंग येतो. हळदीने पिवळा येतो. बीटच्या पाण्यात मात्र अंडी उकळू नका, उकडलेली अंडी थंड पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे गुलाबी होतात. आणि मुलांना खरी जादू दाखवायची असेल तर जांभळा कोबी आणा. त्याचे पाणी जांभळे, पण त्यात रात्रभर ठेवलेले पांढरे अंडे सकाळी निळे निघते! यासाठी पांढरीच अंडी घ्यावीत; गावरान अंड्यावर हे रंग नीट उठत नाहीत.

नक्षीही घरचीच. ओल्या अंड्यावर मेथीचे किंवा कोथिंबिरीचे पान चपटे चिकटवा, जुन्या मलमलीच्या तुकड्यात घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि मग कांद्याच्या पाण्यात उकळा. सोडल्यावर तांबड्या अंड्यावर पानाचा फिका ठसा शिरांसकट उमटलेला असतो. लहान मुलाला मेणबत्तीचा तुकडा द्या. तो कोऱ्या अंड्यावर काय वाटेल ते गिरवील, पण ते अंडे गरम पाण्यात न घालता थंड रंगात बुडवा. मेण असेल तिथे रंग चढणार नाही. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब चोळला की झाली चकाकी. गॅसपाशी मोठे माणूस हवे, हे सांगायला नकोच.

एक व्यवहाराची सूचना. आपला उन्हाळा आणि युरोपातला वसंत यांत फरक आहे. उकडलेले अंडे आपल्याकडे दोन तासांहून अधिक बाहेर राहिले तर खाऊ नये. तेव्हा खायची अंडी वेगळी आणि लपवायची वेगळी. लपवण्यासाठी कच्चे अंडे धुऊन दोन्ही टोकांना सुईने भोके पाडून आतला बलक फुंकून काढावा. हे मोठ्यांनी करावे, आणि त्या दिवशी घरात ऑम्लेट होईलच. किंवा अंडी अजिबात नकोत. वाड्यात, सोसायटीत शाकाहारी कुटुंबे असतील, त्यांच्या मुलांनाही खेळात यायचे असते. सावंतवाडीची लाकडी रंगीत फळे काय वाईट आहेत? तीही नसतील तर रंगीत कागदात गुंडाळलेली चिक्की. शोधण्यातली गंमत वस्तूत नसतेच फारशी.

लपवण्याचे मात्र शास्त्र आहे, बरं का! लपवलेल्या प्रत्येक वस्तूची जागा मोठ्या माणसाने वहीत लिहून ठेवावी. नाहीतर एखादे खरे अंडे जूनमध्ये स्वतःच आपला पत्ता सांगते. मुले निरनिराळ्या वयांची असतील तर प्रत्येकाचा रंग ठरवून द्यावा: तांबडी धाकट्याची, ती कमरेखालच्या जागी, निळी थोरल्याची, ती अवघड जागी आणि चिठ्ठीतल्या कोड्यासह. असे केले नाही तर थोरला सगळी गोळा करतो आणि सणाच्या दिवशी घरात रडारड होते.

अंड्यांच्या खेळांना तर तोटा नाही. उतारावरून अंडी घरंगळत सोडायची आणि कोणाचे न फुटता दूर जाते ते पाहायचे, हा अमेरिकेतला आवडता खेळ. वॉशिंग्टनमध्ये मुले संसदेच्या आवारात तो खेळत, तेव्हा हिरवळ खराब होते म्हणून कायदा करून त्यांना बंदी झाली. १८७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेझ यांनी त्या मुलांसाठी आपल्या निवासस्थानाचे आवार उघडून दिले, आणि तो परिपाठ पुढे टिकला. ग्रीक लोक अंड्यावर अंडे आपटतात. ज्याचे फुटत नाही तो जिंकला. हाच खेळ आसामात बोहाग बिहूला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर खेळतात. जिंकण्याची युक्ती मुलांना सांगून टाका: निमुळते टोक पुढे धरावे, कमानीसारखा आकार असल्याने ते टणक असते. आणि उकडलेले अंडे कोणते, कच्चे कोणते, हे न फोडता ओळखायचे असेल तर टेबलावर फिरवावे. उकडलेले भिंगरीसारखे फिरते, कच्चे डुलते. फिरणारे कच्चे अंडे बोटाने क्षणभर थांबवून सोडले तर पुन्हा फिरू लागते, कारण आतला द्रव थांबलेलाच नसतो. माझा मुलगा शाळेत विज्ञानाला कंटाळतो, पण हे त्याने शेजारच्या सहा घरांत करून दाखवले.

गोडाचे काय? गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत ईस्टरला मार्झिपॅनची अंडी करतात. हे नाव ऐकून घाबरायला नको. ज्याला काजूकतली येते त्याला हे येतेच. अर्धी वाटी साखर पाव वाटी पाण्यात एकतारी होऊ द्यावी, त्यात एक वाटी काजूची बारीक पूड घालून गोळा सुटेपर्यंत घोटावे, थोडे गुलाबपाणी शिंपडावे. कोमट असताना तुपाच्या हाताने मुलांनी अंडी वळावीत. वाकडी होतील, होऊ द्या.

रविवारी पहाटे मुले उठण्यापूर्वी आईबापांनी एकच काम करायचे: बागेतला धोंडा बाजूला सारायचा. कबरेकडे जाणाऱ्या स्त्रियांनाही वाटेत हीच चिंता होती, की एवढी मोठी धोंड आपल्यासाठी कोण लोटील. करवंटीत पांढऱ्या रुमालाची घडी ठेवा. मुले धावत येऊन पाहतात. आपण काही बोलायचे नाही, त्यांनीच आपल्याला सांगू द्यावे.

आणि न्याहारी अंगणात किंवा गच्चीवर करा. पुनरुत्थानानंतरचा जो प्रसंग मुलांना सर्वांत कळतो तो न्याहारीचाच आहे. शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी परततात. किनाऱ्यावर प्रभू निखारे पेटवून, मासे आणि भाकर घेऊन त्यांची वाट पाहत असतो. मग जाळ्यात मासे येतात, मोजून १५३. वसईच्या किनाऱ्यावरच्या कोळी ख्रिस्ती मुलाला यातले काहीही समजावून द्यावे लागत नाही. इतरांनी शनिवारी वर्तमानपत्राचे १५३ मासे कातरून एका जुन्या मच्छरदाणीत भरावेत. कातरताना दोन तास घरात शांतता असते, हा फायदा लहान समजू नका.

सोमवारी पोलंडात एकमेकांना पाण्याने भिजवतात, थेट आपल्या रंगपंचमीसारखे. पाण्याची टंचाई नसेल आणि परीक्षेचे पेपर उरले नसतील तर मुलांना एक बादली द्यायला हरकत नाही. अंड्यांची कवचे चुरून कुंडीत घाला. आणि बागेतले अळीव कात्रीने कापून कोशिंबिरीत टाका. चवीला थोडे तिखट लागतात, पण आपण पेरलेले आहेत म्हटल्यावर मुले ते तक्रार न करता खातात.